शॉवरची धार आणि गच्चीवरची टाकी

माझी मावशी पुण्यात कर्वेनगरात राहते. तळमजला अधिक तीन अशी जुनी इमारत, लिफ्ट नाही, आणि मावशीचं घर सगळ्यात वर. दिवाळीच्या तोंडावर तिने न्हाणीघर नव्याने करून घेतलं. टाइल्स बदलल्या, भिंतीतली नळजोडणी बदलली आणि हौसेने ताटाएवढा गोल रेन शॉवर लावला. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. "अगं, नुसतं ठिबकतंय. डोकं भिजायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो पंप बसवा, प्लंबर म्हणतो शॉवर बदला. तू जरा येऊन बघ ना."

पंप आणि शॉवर, दोन्हींचा खर्च हजारांत जातो. तो करण्याआधी पाणी नेमकं कुठे अडतंय हे कळायला हवं, आणि ते कळायला घरातली बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. आम्ही शॉवरखाली बादली धरली आणि बरोबर एक मिनिट पाणी सोडलं. मापून पाहिलं तर साडेतीन लिटर भरलं. मग त्याच भिंतीतला खालचा नळ मिनिटभर सोडला. तिथे अकरा लिटर. शेवटी शॉवरचं डोकं फिरवून काढलं आणि भिंतीतून आलेल्या उघड्या नळीखाली बादली धरली. आठ लिटर.

या तीन आकड्यांत जवळजवळ सगळं निदान आहे. खालच्या नळाला भरपूर पाणी, म्हणजे गच्चीपासून भिंतीपर्यंतची वाट मोकळी. डोकं काढल्यावर आठ लिटर, म्हणजे नळाचं पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टरही ठीक. राहिलं फक्त डोकं. हाच क्रम कुणालाही आपल्या घरी लावता येईल. खालचा नळही मरगळलेला असेल तर शॉवरला दोष देऊ नका. वॉल मिक्सरच्या, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाच्या आधीची जाळी, अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह किंवा आतून गंजलेली जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची पाइपलाइन बघा. त्या पाइपात गंजाचे थर आतून वाढत जातात आणि अर्ध्या इंचाच्या नळीत शेवटी बोरूएवढी वाट उरते. तिथे कितीही भारी शॉवर आणला तरी फरक पडणार नाही. फक्त गरम पाण्याची धार बारीक असेल तर दोष गीझरच्या बाजूला शोधायचा.

आता मुळातली गोष्ट. आपल्याकडे शॉवरला दाब मिळतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून. बार हे दाबाचं माप. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार, म्हणजे मीटरमागे एक दशांश बार. पाइप किती लांब, टाकी किती लिटरची, याने थांबलेल्या पाण्याचा दाब बदलत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यांतलं उभं अंतर तेवढं मोजायचं. मावशीकडे ते काढायला मी गच्चीवर गेले. टाकी कट्ट्यावर, स्लॅबपासून मीटरभर वर. शॉवर छतापासून मीटरभर खाली. टाकी तळाला गेलेली असेल तेव्हा दोन मीटर, काठोकाठ भरलेली असेल तेव्हा तीन. म्हणजे पाव बारच्या आसपास. त्याच टाकीचं पाणी तळमजल्यावर जातं तेव्हा त्याला आणखी तीन मजल्यांची, सुमारे नऊ मीटरची उंची मिळते. एकाच इमारतीत वरच्याला पाव बार आणि खालच्याला जवळजवळ सव्वा बार. मोठ्या रेन शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो. अनेकदा तो एक बारच्या घरात असतो. दुकानात तो आकडा कुणी वाचून दाखवत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तो स्वतः वाचावा, मग रंग आणि आकार बघावा.

उंचीवर पाणी खेळवण्याचं हे शास्त्र पुण्याला नवं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत बांधीव नळ आणला गेला. वाटेतल्या हौदांना त्याचंच पाणी. ना मोटार, ना पंप. तलाव उंचावर आणि शहर खाली, एवढ्या भांडवलावर ते पाणी चालत आलं. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते, आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. गच्चीवर टाकीजवळ पाइपाचं एक टोक उभं वर गेलेलं आणि छत्रीच्या मुठीसारखं वाकवलेलं दिसतं, ते आजच्या इमारतीचे उच्छ्वास. वॉटरप्रूफिंगच्या कामात कुणी ते कापून बुच मारलं तर सगळ्या इमारतीच्या शॉवरना घरघर लागते.

ही घरघर पुणेकरांना शुक्रवारी सकाळी ओळखीची असते. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. मधल्या वेळात टाकी रिकामी झाली की उतरत्या पाइपात हवा शिरते. पाणी परत आलं की ही हवा नळीच्या उंच वळणात अडकून बसते आणि कमी दाबाचं पाणी तिला ढकलू शकत नाही. शॉवर आधी फुसफुसतो, मग तांबूस पिचकाऱ्या टाकतो. अशा वेळी आधी सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडून पाच मिनिटं वाहू द्यावा, त्या पाण्याने फरशी धुवावी आणि नंतरच शॉवर सोडावा. कारण टाकी तळाला गेली की तिच्या बुडाचा गाळ पाइपात उतरतो, आणि शॉवरच्या बारीक भोकांमागे जाऊन बसायला त्याला आयती जागा मिळते.

मावशीच्या नव्या डोक्यातही कचराच निघाला. पाना लावून ते उघडलं तेव्हा आतल्या जाळीवर सिमेंटचे करडे खडे, पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा भुसा आणि टेफ्लॉन टेपची एक लांब पांढरी चिंधी चिकटलेली होती. नळजोडणीचं नवं काम झालं की डोकं बसवण्याआधी नळी काही मिनिटं मोकळी वाहू द्यायची असते. ती पायरी राहून गेली होती. जाळी धुऊन डोकं परत लावलं, तर साडेतीनचे पाच लिटर झाले. तरीही आंघोळीसारखी आंघोळ होईना. त्या डोक्याला दीडशेहून जास्त भोकं. मिनिटाला पाच लिटर पाणी एवढ्या तोंडांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब थेंब येतो आणि त्याला वेगही उरत नाही. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, त्याच्या नेमकं उलट.

मग मी विचारलं, जुना शॉवर कुठे आहे? तो माळ्यावर होता. तळव्याएवढा, पितळी, वर क्रोमचा मुलामा. "तो गेलाय गं," मावशी म्हणाली, "अर्ध्या भोकांतून पाणीच येत नाही, उरलेल्यांतून भिंतीवर उडतं." मी तो उलटा करून खिडकीशी धरला. प्रत्येक भोकाभोवती पांढरट, खरबरीत कडं होतं, चुन्याच्या निवळीचं भांडं वाळल्यावर उरतं तसं.

हे कडं आलं जमिनीतून. धरणांतून येणारं महापालिकेचं पाणी त्या मानाने मऊ. पण एप्रिल-मे मध्ये मावशीच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग आपल्या पायाखालच्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांत ते वर्षानुवर्षं मुरतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. याच खडकाच्या पोकळ्यांत अशाच खनिजयुक्त पाण्यातून सुंदर स्फटिक तयार झाले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे आणि त्यातही कॅल्शियम आहेच. त्याच वाघोलीत आज टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या आहेत.

जमिनीखाली हे कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी हवेत आलं, तापलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. याचं उलटं आहे, पाणी जितकं गरम तितकं हे कमी विरघळतं. म्हणून क्षार आधी गीझरच्या कॉइलवर बसतो आणि मग शॉवरच्या तोंडाशी, जिथे रोज शेवटचे थेंब लोंबकळत वाळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. सोसायटीने बोअरचं पाणी तपासून घेतलं असेल तर तो अहवाल मागून बघावा. तेवढं नसलं तरी साबण सांगतोच. फेस होत नसेल आणि बादलीच्या काठावर चिकट पांढरी साय धरत असेल तर पाणी कठीण आहे.

आम्ही स्टीलच्या पातेल्यात पांढरं व्हिनेगर आणि तितकंच कोमट पाणी घेतलं आणि शॉवर उपडा बुडवला. मिनिटभरात भोकांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. मावशी चष्मा पुसून बघत बसली. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कार्बोनेटला फोडतं, कॅल्शियम पाण्यात उतरतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुडा होऊन पळतो. जमिनीखाली पाण्यात शिरलेला वायू पातेल्यात मोकळा होताना आम्ही पाहत होतो. बुडबुडे थांबले की काम झालं. आम्हाला दोन तास लागले. मग जुन्या टूथब्रशने घासलं आणि अडून बसलेल्या भोकांत सुई फिरवली. व्हिनेगर नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबाचं फूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड चालतं. रबरी भोकांचा शॉवर असेल तर पाणी चालू ठेवून अंगठ्याने चोळलं तरी क्षार गळून पडतो. फरशीसाठी मिळणारं ॲसिड मात्र शॉवरला लावू नका. ते क्रोमचा थर खाऊन टाकतं. आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हे चाललेलं असताना शेजारच्या काकूंनी आपली तक्रार आणली. शॉवर नीट चालतो, पण अर्ध्या मिनिटात पाणी गार. त्यांच्याकडे तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर होता. आकडेमोड सोपी आहे. मिनिटाला आठ लिटर पाणी वाहत असेल तर तीन किलोवॉटची कॉइल त्याचं तापमान जेमतेम साडेपाच अंशांनी वाढवू शकते. साठलेले तीन लिटर संपले की उरतं ते एवढंच. पाणी 20 अंशांनी तापवायचं असेल तर धार मिनिटाला दोन लिटरवर आणावी लागेल, आणि दोन लिटरला शॉवर म्हणता येत नाही. तो गीझर बिघडलेला नाही, तो स्वयंपाकघराच्या सिंकसाठी आहे. शॉवरला 15 लिटरचा साठवणीचा गीझर हवा. पाणी 40 अंशांनी तापवायला त्याला पाऊण युनिटहून थोडी कमी वीज लागते. दोन किलोवॉटची कॉइल असेल तर वीस-एकवीस मिनिटं. गच्चीवर सोलर असेल तर प्रश्न वेगळा. वीस मीटर पाइपात पाचेक लिटर गार पाणी उभं असतं, ते आधी बाहेर यायला हवं. ते बादलीत धरा.

मध्येच चटका बसतो किंवा एकदम गार येतं, त्याचं कारण बहुधा एकाच पाइपावरचे अनेक नळ. स्वयंपाकघरात कुणी गार पाण्याचा नळ सोडला की गारचा दाब उतरतो आणि मिक्सरमध्ये गरमचं प्रमाण वाढतं.

गॅस गीझरबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कमी दाबाच्या घरांत तो पेटत नाही, कारण पाण्याच्या ठरावीक प्रवाहाशिवाय त्याचा गॅस उघडतच नाही. ती सुरक्षेची सोय आहे, तिच्याशी खेळू नये. त्याहून मोठी गोष्ट हवेची. दार-खिडकी बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात तो जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. त्यात तडजोड नाही.

ठिबकण्याचं निदान वेळ बघून करायचं. शॉवर बंद केल्यावरही आडव्या नळीत आणि डोक्यात पाणी उरतं. बारीक भोकांशी पृष्ठताण ते धरून ठेवतो. सरबताच्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबलं की पाणी पडत नाही, तसं. कधीतरी एका भोकातून हवा आत शिरते आणि उरलेलं पाणी भळकन पडतं. आंघोळीनंतर दहा मिनिटांनी असं झालं तर काहीच बिघडलेलं नाही. पण तासाभरानेही थेंब पडत असेल तर वायसर झिजला आहे किंवा कार्ट्रिज, म्हणजे नळातला पाणी चालू-बंद करणारा भाग, गेलं आहे. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं. बदली वायसर काही रुपयांना मिळतो. आधी गच्चीवरचा किंवा घराचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग स्पिंडल, म्हणजे नळातला फिरता दांडा, उघडायचा.

नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत ठोका ऐकू येतो, त्याचा अभ्यास निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर केला. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी अचानक अडवलं तर क्षणभर बारा-तेरा बारचा दाब उसळतो. म्हणजे सव्वाशे मीटर उंचीवर टाकी असल्यासारखा. नळ सावकाश बंद केला तर ठोका जातो आणि सांधेही टिकतात.

संध्याकाळी मावशीचा जुना शॉवर परत भिंतीवर चढला. मिनिटाला सात लिटर, आणि सगळ्या धारा सरळ. पंपाची गरज उरली नाही. पुढे कधी लागलाच तर तो टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर लावायचा, महापालिकेच्या नळावर थेट मोटार लावायची नाही, एवढं तिला सांगून ठेवलं. ताटाएवढा रेन शॉवर तिने तळमजल्यावरच्या काकांना दिला. त्यांनी त्याच टाकीच्या पाण्यावर तो लावला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, धार इतकी जोरात येते की अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळचा छोटा व्हॉल्व्ह, अर्धा बंद करून ठेवलाय.