आमदार मृणाल गोरे आणि १९८८चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा : पार्श्वभूमी

मृणाल गोरे यांचे नाव निघाले की ‘पाणीवाली बाई’ हीच ओळख आधी आठवते. ती सार्थ होती यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे त्यांचे विधानसभेतील काम काहीसे झाकले गेले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि त्याची वाट विरोधी बाकावरून मृणालताईंनी मांडलेल्या एका अशासकीय विधेयकाने, म्हणजे मंत्र्याने नव्हे तर सदस्याने आणलेल्या विधेयकाने, मोकळी केली, हे आज फारच थोड्यांच्या ध्यानात आहे.

२४ जून १९२८ रोजी जन्मलेल्या मृणाल मोहिले राष्ट्र सेवा दलाच्या कामात इतक्या गुंतल्या की वैद्यकीय शिक्षण त्यांनी अर्ध्यावरच सोडले. १९४८ मध्ये सेवा दलातीलच सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि समाजवादी विचारांच्या या जोडप्याने गोरेगाव हे कार्यक्षेत्र निवडले. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते, तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताईंनी लोकप्रतिनिधी म्हणून पहिले धडे तिथेच गिरवले. १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आला. १९५८ मध्ये बंडू गोरे यांचे निधन झाले, तेव्हा मृणालताई जेमतेम तिशीच्या होत्या आणि मुलगी लहान होती. १९६१ मध्ये त्या नगरसेविका झाल्या. उपनगरांत वस्ती झपाट्याने वाढत होती, जलवाहिन्या मात्र तिच्या बऱ्याच मागे राहिल्या होत्या. सभागृहात प्रश्न लावून धरायचा आणि बाहेर रिकामे हंडे घेऊन बायकांनी दारात उभे राहायचे, ही त्यांची पद्धत याच काळात घडली.

१९७२ ची विधानसभा निवडणूक काँग्रेसच्या लाटेची होती. २७० पैकी २२२ जागा त्या एका पक्षाने जिंकल्या. अशा वेळी समाजवादी पक्षाच्या तिकिटावर मृणालताई आमदार झाल्या. मोजक्या विरोधकांना बहुमताच्या जोरावर काही मंजूर करून घेणे शक्यच नव्हते, तेव्हा सभागृहाला बाहेरच्या आवाजाची जोड देणे हाच मार्ग उरत होता. त्याच वर्षी दुष्काळ आणि टंचाई यांच्या कात्रीत महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती स्थापन झाली. मृणालताईंच्या जोडीला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या, समाजवादी प्रमिला दंडवते होत्या. मागण्या अगदी स्वयंपाकघरातल्या होत्या : रेशनवर धान्य, रॉकेल, तेल. ज्यांना मोर्चाला येता येत नसे त्या ठरल्या वेळी आपल्याच घराच्या खिडकीत थाळी वाजवत. ज्यांना येता येई त्या हातात लाटणे घेऊन मंत्र्यांना घेराव घालत. पक्षांची भांडणे बाजूला ठेवून स्त्रियांनी उभारलेली अशी आघाडी मुंबईने नंतर क्वचितच पाहिली.

आणीबाणीत काही महिने भूमिगत राहिल्यावर डिसेंबर १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही इंदिरा गांधींना उद्देशून दिलेली घोषणा तेव्हाचीच. केंद्रात मंत्रिपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले.

१९८५ मध्ये जनता पक्षाच्या आमदार म्हणून त्या पुन्हा विधानसभेत आल्या, तेव्हा पुढे आलेला प्रश्न निराळा होता. गर्भजलपरीक्षा भारतात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातील आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. तिचा उपयोग मुलगी ओळखून गर्भपात करण्यासाठी होऊ लागला. १९७८ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत अशा वापरावर बंदी घातली, पण खाजगी दवाखान्यांना ती लागू नसल्याने धंदा तिकडे सरकला आणि उलट फोफावला. ‘आता पाचशे खर्च करा, पुढचे पन्नास हजार वाचवा’ अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे केल्या जात. पुढचे पन्नास हजार म्हणजे हुंडा, हे वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. १९८६ च्या सुमारास मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत बेचाळीस जण ही चाचणी करीत असल्याचे आढळले. याच सुमारास मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि वकील यांनी एकत्र येऊन गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभारला.

मंचाचा हा विषय मृणालताईंनी १९८६ मध्ये अशासकीय विधेयकाच्या रूपाने सभागृहात नेला. अशासकीय विधेयकाचे भवितव्य सहसा ठरलेले असते : शुक्रवारच्या कामकाजात थोडी चर्चा होते, मंत्री आश्वासन देतात, सदस्य विधेयक मागे घेतात आणि विषय तिथेच विरतो. या वेळी मात्र बाहेर मोर्चे, सभा आणि वृत्तपत्रांतील लेख चालूच राहिल्याने सरकारला स्वतःचे विधेयक आणणे भाग पडले आणि मे १९८८ मध्ये कायदा अमलात आला. माझ्या मते थाळीनादाच्या काळात कमावलेले कसब इथे उपयोगी पडले.

कायदा मंचाला हवा तसा झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. या चाचण्या फक्त सरकारी केंद्रांतच व्हाव्यात, अशी मंचाची मागणी होती. कायद्याने मात्र नोंदणी करून खाजगी केंद्रांनाही आनुवंशिक दोषांच्या तपासणीची मुभा ठेवली. ज्या चार भिंतींआड गैरवापर होत होता, त्याच भिंतींआड वापर चालू राहिला. शिवाय कायदा राज्यापुरता असल्याने हद्द ओलांडली की तो संपत असे.

डिसेंबर १९८८ मध्ये मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्यांच्या आधी हे पद भूषवणाऱ्या स्त्री म्हणजे १९७९-८० मधील प्रतिभा पाटील. बाबुराव सामंत आणि प. बा. सामंत यांच्यासह नागरी निवारा परिषदेमार्फत शहरांतील अतिरिक्त जमीन सरकारकडे घेण्याची तरतूद असलेल्या कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमिनीवर गोरेगावात घरे उभारण्याचा लढाही त्यांनी दीर्घकाळ चालवला. राज्यापुरत्या कायद्याची अडचण मात्र १९९४ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केल्यावर सुटली. १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला आणि गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीला त्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती २००३ मध्ये आली. मृणालताईंचे निधन १७ जुलै २०१२ रोजी वसईत झाले.