अप्रकट उष्म्याच्या एककात अंश का नाही?

विशिष्ट उष्माधारकता (एक किलोग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि विशिष्ट अप्रकट उष्मा (तापमान न बदलता एक किलोग्रॅम पदार्थाची अवस्था बदलायला लागणारी उष्णता) या दोन राशी दहावीला पाठोपाठ शिकवल्या जातात आणि उत्तरपत्रिकेत त्यांच्या एककांची सहज अदलाबदल होते. पहिलीचे एकक ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस, तर दुसरीचे नुसते ज्यूल प्रति किलोग्रॅम. ० अंशावरील बर्फाचे ० अंशावरीलच पाणी होईपर्यंत दिलेली सारी उष्णता रेणूंची घट्ट रचना मोडण्यात खर्च होते आणि तापमान जागचे हलत नाही. मग भागाकार कोणत्या अंशांनी करणार? एक किलोग्रॅम बर्फासाठी हा खर्च सुमारे ३,३४,००० ज्यूल असतो.

मात्र ही उष्णता प्रथम मोजली गेली ती अंशांतच. अठराव्या शतकात, ज्यूल हे एकक अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, ग्लासगो येथे स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी सारख्या वजनाचे बर्फ आणि जवळजवळ बर्फाइतकेच थंड पाणी दोन काचपात्रांत घालून एकाच दालनात टांगले. पाणी ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटला पोहोचायला अर्धा तास लागला; बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास, म्हणजे एकवीसपट वेळ लागला. दोन्ही पात्रांना हवेतून सारख्याच गतीने उष्णता मिळते असे धरून त्यांनी २१ गुणिले ७ म्हणजे १४७ अंशांचा हिशेब मांडला आणि त्यातून ३२ (फॅरनहाइटमधील बर्फाचा वितळणबिंदू) ते ४० पर्यंत प्रत्यक्ष दिसलेली ८ अंशांची वाढ वजा केली. उरलेले १३९ अंश तापमापीवर कुठेच उमटले नव्हते. आजच्या मोजमापानुसार हा आकडा १४४ आहे. इतक्या साध्या साधनांनी मिळालेली ही अचूकता थक्क करणारी आहे.

१४४ अंश फॅरनहाइटची वाढ म्हणजे सेल्सिअसमधील ८० अंशांची वाढ. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, म्हणून बर्फाचा हाच आकडा ८० कॅलरी प्रति ग्रॅम असा लिहितात. १०० अंशावरील वाफेसाठी तो सुमारे ५४० आहे. तितक्याच गरम पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक पोळतो तो यामुळेच.

ज्यूलची फोड केली तर प्रति किलोग्रॅम उरतात मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग, म्हणजे वेगाचा वर्ग किंवा गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ३,३४,००० ला ९.८ ने भागले की सुमारे ३४,००० मीटर येतात. एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट उंचीवरून बर्फाचा तुकडा खाली आला आणि त्याची सगळी स्थितिज ऊर्जा उष्णता होऊन त्याच्यातच मुरली, तरच तो जेमतेम पूर्ण वितळेल.