कडाह प्रसाद वेगळा, लंगर वेगळा

नांदेडला हजूर साहिबचं दर्शन घेऊन आलेली मंडळी घरी सांगतात, "गुरुद्वारात मस्त प्रसाद मिळाला, डाळ-रोटी-खीर, अगदी पोटभर." देवळातल्या पंगतीला महाप्रसाद म्हणायची आपली सवय, त्यामुळे हे होतं. शीख माणसाच्या लेखी मात्र त्यांनी जे खाल्लं तो लंगर, म्हणजे सगळ्यांसाठीचं सामुदायिक जेवण. प्रसाद म्हणजे दरबारात (जिथे गुरू ग्रंथ साहिब ठेवलेले असतात त्या सभागृहात) ओंजळीत पडतो तो तुपानं चकाकणारा गोड घास, कडाह प्रसाद. दोन्ही विनामूल्य, दोन्ही सगळ्यांना, दोन्हींवर अरदास, म्हणजे प्रार्थना होते. बाकी जवळजवळ सगळंच निराळं.

कडाह प्रसादात जिन्नस तीनच: गव्हाचं पीठ, तूप, साखर. तिन्ही समभाग. गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं 1945 साली संमत केलेल्या 'सिख रहत मर्यादे'तही (शीख आचारसंहितेतही) हेच प्रमाण आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्याला सव्वाचं माप असतं तसाच हा प्रकार, फक्त इथे रवा नाही, दूध-केळं नाही, वेलदोडा-बेदाणेही नाहीत. जाडसर पीठ 1 वाटी, तूप 1 वाटी, साखर 1 वाटी घेतली तर पाणी साधारण 3 वाट्या. साखर पाण्यात घालून एका बाजूला उकळत ठेवायची. विरघळली की झालं, पाक करायचा नाही. दुसरीकडे कढईत तूप तापवून पीठ मंद आचेवर भाजायचं. आधी पीठ सगळं तूप पिऊन गच्च होतं, मग हळूहळू सैल पडून तूप सोडायला लागतं. रंग बदामीच्या थोडा पुढे गेला आणि खमंग वास सुटला की उकळतं साखरपाणी बेताबेतानं ओतायचं. हात लांब ठेवावा, फार उडतं. नंतर हलवत राहायचं, गोळा कढईच्या कडा सोडून फिरायला लागेपर्यंत.

बिघडतं ते बहुतेक वेळा घाईनं. पीठ कच्चं राहिलं तर प्रसाद टाळूला चिकटतो. आच मोठी ठेवली तर बुडाशी करपतं आणि तो कडवटपणा कितीही साखरेनं जात नाही. पाणी गार असेल तर गुठळ्या होतात. आणि तब्येतीच्या नावाखाली तूप निम्मं केलं तर पीठ नीट भाजलंच जात नाही, हाती लापशी येते. शिवाय समभागाची मर्यादाही मोडते. करताना तोंडानं गुरबाणी, म्हणजे गुरूंची पदं, चालू असते, आणि मधे चव बघत नाहीत.

पण एवढं करूनही कढईतला तो पदार्थ अजून प्रसाद झालेला नसतो. स्वच्छ कापडानं झाकून तो गुरू ग्रंथ साहिबांसमोर ठेवतात. 'आनंद साहिब' या रचनेच्या पहिल्या पाच आणि शेवटची, अशा सहा पौड्या (कडवी) म्हणतात, अरदास होते, कृपाणीचं टोक त्याला लावतात. मग पहिला वाटा पंज प्याऱ्यांचा, म्हणजे 1699 साली आनंदपूरला खालशात (दीक्षा घेतलेल्या शिखांच्या पंथात) सर्वांत आधी आलेल्या पाच जणांच्या नावानं. त्यानंतर ग्रंथाच्या सेवेत बसलेल्याला, आणि मग संगतीला, म्हणजे जमलेल्या सगळ्यांना. वाटणाऱ्यानं लहानमोठं, जातपात बघायची नाही. हजूर साहिबची स्वतःची मर्यादा काही बाबतींत या लिखित मर्यादेहून वेगळी आहे, त्यामुळे तिथे दिसेल तो क्रम सगळीकडचा समजू नये.

घ्यायचा तो बसून, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून. एका हातानं घेतला किंवा "नको" म्हणून हात हलवला तर ते खटकतं. साखरेचं पथ्य असेल तर "थोडासा" म्हणा, चिमूटभर देतात. तूप हाताला लागतंच; रुमाल जवळ ठेवा, सतरंजीला पुसू नका.

लंगर दरबारात नसतो, वेगळ्या सभागृहात असतो. परंपरेचा उगम गुरू नानकांकडे जातो. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातल्या तुपाळ खिरीचा उल्लेख तर खुद्द गुरू ग्रंथ साहिबात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी पंजाबातल्या गोइंदवालला 'पहिले पंगत, पाछे संगत' असा दंडक घातला: भेटायला आलेल्यानं, मग तो कुणी का असेना, आधी सर्वांसोबत जमिनीवर बसून जेवायचं. कडाह प्रसादात मापाला महत्त्व आहे, लंगरात पंगतीला. त्यामुळे पदार्थ ठरलेले नाहीत. डाळ, भाजी, रोटी, भात, असेल तर खीर, आणि सगळं शाकाहारी, म्हणजे कुणालाही चालेल असं. पाहिजे तितक्या वेळा मागा, ताटात मात्र टाकू नका.

खरी गंमत पंगतीत होते. वाढपी "परशादा जी, परशादा" असा पुकारा करत येतो आणि नवख्याला वाटतं, आता शिरा येणार. येते रोटी. लंगरात रोटीला परशादाच म्हणतात, आणि ताट पुढे न करता तीही दोन्ही हातांत घेतात. गोंधळात आणखी भर म्हणजे कडाह प्रसादाला बोलीत 'देग' म्हणतात, तर 'देग तेग फतेह' या घोषातली देग म्हणजे लंगराचं पातेलं.

काही अर्पण करायचं असेल तर मार्गही दोन. कडाह प्रसादाची देग करवायची असेल तर पैसे भरून पावती घ्यायची. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात (सुवर्णमंदिरात) भाविक द्रोणातून प्रसाद आणतात, सेवादार त्यातला अर्धा काढून घेतो, तो सगळ्यांच्या प्रसादात मिसळतो आणि उरलेला तुमच्या हाती परत येतो. ही लबाडी नाही, रीतच तशी आहे. लंगरासाठी पीठ, डाळ, तेल असा शिधा देता येतो, गोलकीत (दानपेटीत) पैसे टाकता येतात. नाहीतर डोकं झाकून, हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात विचारायचं. रोट्या लाटायला, भाजी चिरायला, ताटं घासायला शीख असण्याची अट नसते. प्रसादाच्या कढईजवळ मात्र सांगितल्याशिवाय जाऊ नये.