पेशंटशी बोलायचं कौशल्य (एमबीबीएस शिक्षण)

पेशंटचा त्रास नीट ऐकून घेणं, तपासणं, काय झालंय ते त्याला समजेल असं सांगणं आणि पुढचं त्याच्याशी बोलून ठरवणं, या सगळ्याला मेडिकलमध्ये कन्सल्टेशन स्किल्स म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत इथे तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, हे शिकायची गरज त्यांना वाटते का, आपल्याला जमतं असं वाटतं का, आणि पेशंटसमोर खरंच जमतं का. या तिन्ही सोबतच वाढतील असं बरेच जण गृहीत धरतात, तसं होतंच असं नाही.

पहिली गोष्ट मोजायला ब्रिटनमध्ये २००२ साली २६ वाक्यांची प्रश्नावली आली. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यालाच विचारतात आणि खरी अडचण तिथेच आहे, २००६ साली जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि सगळ्यात जास्त चुकतो तो ज्यांना कमी येतं त्यांचा आणि ज्यांचा कॉन्फिडन्स सगळ्यात जास्त त्यांचा. म्हणून तिसरी गोष्ट कोणीतरी समोर बसून बघायला हवी. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत सुरू केलेली, १९७५ साली छापून आलेली ऑस्की परीक्षा त्यासाठीच, प्रत्येक स्टेशनवर, म्हणजे परीक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर, ठरलेला वेळ, ठरलेलं काम आणि समोर परीक्षक.

बोलणं किती महत्त्वाचं तर १९७५ च्याच एका ब्रिटिश अभ्यासात ८० पैकी ६६ पेशंटचं निदान रेफर करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून घेतलेली माहिती, एवढ्यावरच बरोबर आलं होतं. तरी १९८४ च्या अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं मध्येच तोडत होते.

आपल्याकडे लॉन्ग केसमध्ये, म्हणजे एकाच पेशंटला पूर्ण तपासायच्या परीक्षेत, विद्यार्थी एकटाच केस घेतो आणि सर ऐकतात ते प्रेझेंटेशन, तो पेशंटशी कसा बोलला ते बहुतेक वेळा कोणी बघतच नाही. वॉर्डात विचारतात, "आजी, खोकला कधीपासून? बेडका पडतो का?" आजी म्हणते सुगीच्या आधीपासून, सून गेली तेव्हापासूनच बघ, विद्यार्थी "दोन महिने" लिहितो आणि पुढच्या प्रश्नावर जातो. सुनेला काय झालं होतं, हे विचारायलाच हवं होतं, घरात टीबी होता का ते तिथेच कळलं असतं.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसमध्ये एटकॉम आलं, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमातच. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही शिकवतात, ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांना चमक, ठणका, मळमळ हे शब्द वॉर्डात जायच्या आधी कानावर पडायलाच हवेत.