जुन्या फोर बाय फोरचं रिपासिंग: पाच हजार की चाळीस हजार?

पंधरा वर्षांची होत आलेली प्राडो, पजेरो किंवा फ्रीलँडर आज पुण्यात नव्या छोट्या गाडीच्या पैशांत मिळून जाते. घेणारा टायर बघतो, टर्बोची शिट्टी ऐकतो, ताम्हिणीच्या चढावर फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) टाकून बघतो. फक्त आरसीवरची वैधतेची तारीख बघायची राहते. मीही त्यातलाच. माझी पजेरो एसएफएक्स २००९ ची. २०२४ मध्ये तिचं रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण केलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, हा विषय दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्याचा. हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश तिथला आहे. पुण्यात खासगी गाडीला वयाची अशी मर्यादा नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि त्यानंतर ५-५ वर्षांनी नूतनीकरण करता येतं. म्हणजे पात्रता एवढीच: गाडी तपासणीत उतरली पाहिजे, कागद पूर्ण पाहिजेत आणि अर्जदाराचं नाव आरसीवर पाहिजे.

शेवटची अट साधी वाटते, पण सेकंडहँड गाड्यांची गाडी इथेच अडते. तुम्ही पैसे मोजून गाडी आणली, पण ट्रान्सफर झाली नसेल तर अर्ज जुन्या मालकाच्याच नावाने जातो. शिवाय ऑनलाइन अर्ज जिथे भरायचा त्या परिवहन पोर्टलचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. तो सध्या कॅनडात असला, तर बसा वाट बघत. म्हणून आधी फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करा. घेणाऱ्याने हे ३० दिवसांत करायचं असतं. मालक वारले असतील तर वारसांसाठी फॉर्म ३१. आरसीवर बँकेच्या कर्जाची ओळ अजून बसलेली असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती काढून घ्या. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलंय हे तुम्हाला माहीत असतं, संगणकाला नसतं.

आता फीचं बघू. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या रिपासिंगची फी ५,००० रुपये आहे आणि आयात केलेल्या चारचाकीची ४०,०००. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना दुप्पट फी लागू झाली: साधी मोटार १०,०००, आयात ८०,०००. त्यामुळे आलिशान फोर बाय फोर घेताना पहिला प्रश्न मायलेजचा नसावा, ही गाडी सरकारदरबारी ‘आयात’ आहे की ‘देशी’ हा असावा.

आणि हे बिल्ल्यावरून कळत नाही. प्राडो जपानहून तयार होऊन यायची, मित्सुबिशीची माँटेरोही तयार यायची. पण पजेरो एसएफएक्स तमिळनाडूत तिरुवल्लूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जुळवली जायची. फ्रीलँडर २ चा किस्सा तर आपल्या गावचाच. सुरुवातीच्या गाड्या इंग्लंडमधल्या हेलवूडच्या. २०११ पासून तिचे सुटे भाग पुण्यात आणून इथेच गाडी जुळवायला सुरुवात झाली. म्हणजे रंग, इंजिन, सीटचं लेदर सारखं असलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एकीचं रिपासिंग ५,००० ला, दुसरीचं ४०,००० ला. २०११ मध्ये नोंदलेल्या गाड्या २०२६ मध्ये पंधरा पूर्ण करतायत, तेव्हा हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या दारात आहे.

काही जण चॅसी नंबरचं पहिलं अक्षर बघायला सांगतात: जे म्हणजे जपान, एस म्हणजे इंग्लंड, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, एम म्हणजे भारत. अंदाज बांधायला ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. सुटे भाग आणून इथे जुळवलेल्या गाडीवरही मूळ कंपनीचा परदेशी कोड राहू शकतो. खरी गोष्ट दोनच ठिकाणी असते: शोरूमचं मूळ बिल आणि वाहन पोर्टलवरची नोंद. माझ्या एका मित्राची फ्रीलँडर पुण्यात जुळवलेली, पण नोंदीत चुकून आयात पडलेली. पोर्टलने ४०,००० दाखवल्यावर हे लक्षात आलं. मूळ बिल त्याने जपून ठेवलं होतं म्हणून दुरुस्तीचा अर्ज तरी करता आला. तेव्हा जुनी गाडी घेताना ते पिवळं पडलेलं बिल मागून घ्याच. त्यासाठी विकणाऱ्याला माळा उपसावा लागला तरी चालेल.

अर्जाचा फॉर्म नंबर २५. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून तो भरता येतो. मुदत उलटली की चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा. त्यापेक्षा मोठी अडचण ही की मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकले की सेवा निवडता येते. फीचा आकडा पैसे भरायच्या आधीच समोर येतो. तिथे थांबा, वाचा, मगच पुढे जा. त्यानंतर महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरायचा. तो पाच वर्षांचा एकदम, आणि पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त. मग तपासणीची अपॉइंटमेंट. एमएच-१२ वाल्यांचं मुख्य कार्यालय संगम पुलापाशी असलं तरी गाडी तिथेच न्यायची असं गृहीत धरू नका. पावतीवरची जागा आणि वेळ वाचूनच घरातून निघा.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फी आणि कराच्या पावत्या आणि चॅसी नंबरचा पेन्सिल ठसा असू द्या. दंडाची जुनी ई-चलानं आधीच भरून टाका. विम्याचं सांगायचं तर १५०० सीसीच्या वरच्या मोटारीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. एवढ्या जुन्या गाडीची किंमत तक्त्यावरून निघत नाही, कंपनीशी बोलून ठरवावी लागते. म्हणून पूर्ण विमा हवा असेल तर महिनाभर आधीच फोनाफोनी सुरू करा.

एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, नसेल तर ती आधी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. पाटी मागवण्याआधी मागची जागा टेपने मोजा. लांबट पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची, चौकोनी ३४० बाय २०० ची. बऱ्याच परदेशी फोर बाय फोरच्या पाठीमागे चौकोनीच बसते. चुकीची आली तर तपासणीच्या दिवशी ती दोऱ्याने बांधून न्यायची सोय नाही.

पीयूसीला डिझेलवाल्यांनी थोडी तयारी करावी. पुण्यात बीएस-४ हा प्रदूषणाचा निकष एप्रिल २०१० पासून आला. त्याआधीच्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, नंतरच्यांना ५०. दोन गल्ल्या फिरून थंड इंजिनाने केंद्रावर जाऊ नका. एअर फिल्टर बदला, बायपासवर अर्धा तास मोकळी पळवा, काजळी झटकू द्या, मग जा. एवढं करूनही धूर काळाच असेल तर इंजेक्टर काढायची वेळ आलीय. ते काम पीयूसीवाला करत नाही.

तपासणीत माझं काय झालं ते सांगतो. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाडीत चॅसी नंबर बहुधा उजव्या पुढच्या चाकाच्या आत, फ्रेमवर ठोकलेला असतो. पावसाळ्याआधी एका गॅरेजात मी खालून अँटिरस्ट मारून घेतलं होतं. त्या पोऱ्याने डांबरासारखा तो काळा थर नंबरावरही चोपडला. इन्स्पेक्टर वाकले, हात फिरवला, म्हणाले, “नंबर कुठंय?” पुढची चाळीस मिनिटं मी चाकाच्या कमानीत डोकं घालून रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश चालवत होतो. अंक एकेक करून वर आले, तेव्हा कुठे कागद लावून पेन्सिल घासता आली. हे घरीच उरकून जा. मात्र ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासलेला नंबर खोडलेल्यासारखा दिसतो आणि मग प्रश्न रिपासिंगचा राहत नाही.

इंजिन बदललेलं असेल तर तेही नोंदीत चढलेलं हवं, कारण इंजिन आणि चॅसी असे दोन्ही नंबर जुळवून बघतात. बुलबार काढून ठेवा; २०१७ च्या शेवटी केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिलेत. छतावरची दिव्यांची पट्टी आणि बाहेर आलेले रुंद टायरही घरीच बरे. काळ्या काचांसाठी हिशोब असा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. डिफरन्शियल लॉक चालतो का, हे कोणी विचारत नाही. हॉर्न, वायपर, सगळे दिवे, हँडब्रेक मात्र बघतात.

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल तर हिशोब वेगळा मांडा. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) फॉर्म २८ वर, इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, शिवाय महाराष्ट्राचा कर. आयात गाडीला इथे कराचा दर २० टक्के आहे, वयाप्रमाणे किंमत कमी धरली तरी आकडा टोचतो. एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नये, असं माझं मत. ‘एनओसी आठवड्यात येईल’ म्हणणारा माणूस गाडी विकायलाच बसलेला असतो.

एजंट लावावा का? ट्रान्सफर, कर्जाची नोंद आणि रिपासिंग एकदम असेल तर लावा, डोकं शांत राहतं. नुसतं रिपासिंग असेल तर स्वतः करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पास झाल्यावर नवं स्मार्ट कार्ड टपालाने घरी येतं, म्हणून पत्ता बदललेला असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्या. कार्ड आलं की पहिल्यांदा वैधतेची नवी तारीख बघा. माझ्यावर २०२९ आहे. तेव्हा पजेरो वीस वर्षांची झालेली असेल, त्यामुळे ६० दिवसांची खिडकी उघडेल त्या दिवसाचा गजर मी फोनमध्ये आत्ताच लावून ठेवलाय.