इंटरनेटचा चारचा पाढा

सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत एका रात्री दोन प्रोग्राम एकमेकांच्या तोंडाकडे बघत गप्प बसले होते. एक लॅपटॉपवर, दुसरा भाड्याच्या सर्व्हरवर. मधलं सुरक्षित कनेक्शन व्यवस्थित जुळलं होतं, लॉगमध्ये तसं स्वच्छ दिसत होतं. लॅपटॉपकडून मी एक नवा प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, उघडला. फंक्शन म्हणालं, झालं. आता त्या प्रवाहावर सर्व्हरने आधी बोलायचं, असं मीच ठरवलेलं. सर्व्हर काही बोलेना. चहा झाला, भडंगाची वाटी संपली, तरी नाही.

सर्व्हरची यात काही चूक नव्हती. प्रवाह उघडलाय याचा त्याला पत्ताच नव्हता.

हे कसं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी आलं, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायची नियमावली. त्याचं ब्रीद एकच: ज्या क्रमाने माल पाठवला, त्याच क्रमाने तो पलीकडे हातात पडणार. ऐकायला झकास आहे, पण आमच्या मार्केट यार्डातला माल असा पाठवून बघा. हळद, बेदाणा आणि गूळ असा तीन व्यापाऱ्यांचा माल एकाच बिल्टीवर वाशीला निघाला आणि सगळ्या नगांवर 1 ते 60 असे ओळीने आकडे घातले. वाटेत हळदीचं 7 नंबरचं पोतं मागे राहिलं. वाशीच्या गोदामातला दिवाणजी म्हणतो, सात आल्याशिवाय आठला हात लावायचा नाही. बेदाण्याचे बॉक्स समोर पडलेत, गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण दिवाणजी हलत नाही. बेदाणेवाल्याचा त्या हळदीशी संबंध काय? काही नाही. टीसीपीला मात्र तीन व्यापारी दिसतच नाहीत, त्याला दिसते फक्त साठ नगांची एक रांग.

2015 मध्ये आलेल्या एचटीटीपी/2 ने, म्हणजे वेबपानं मागवायच्या नियमांच्या नव्या आवृत्तीने, एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह चालवायची सोय केली, पण खाली दिवाणजी तोच राहिला. मग तळच बदलायचं ठरलं. गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी 2012 च्या सुमारास ‘क्विक’ची आखणी केली आणि मे 2021 मध्ये त्याचं अधिकृत मानक आलं. हे यूडीपीवर चालतं, म्हणजे क्रमाची काही हमी न देणाऱ्या साध्या टपालावर. क्रम लावायचं काम क्विक स्वतः करतं, तेही प्रत्येक प्रवाहापुरतं वेगळं. हळदीचं पोतं अडकलं तर हळद थांबेल, बेदाणा गिऱ्हाइकाच्या हातात पडेल. चांगल्या फायबरवर हा फरक फारसा जाणवत नाही, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात मोबाइल नेटवर्क गचके खायला लागलं की जाणवतो.

सुरक्षितता यात वरून चढवलेली नाही, आतच विणलेली आहे. ओळख पटवणं, किल्ल्या ठरवणं हे सगळं टीएलएस 1.3, म्हणजे संभाषण कुलूपबंद करायची पद्धत, कनेक्शन जुळतानाच उरकतं. खर्च असतो तो इथे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर 13,000 किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्या-येण्याला 130 मिलिसेकंद लागतात, यंत्रांनी घेतलेला वेळ वेगळाच. टीसीपीवर जुनं टीएलएस 1.2 असेल तर कामाचा पहिला शब्द निघण्याआधी अशा तीन फेऱ्या जातात. क्विकला नव्या ओळखीसाठी एक पुरते.

आणि एकदा ओळख झाली की नवा प्रवाह उघडायला एकही फेरी लागत नाही. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. प्रवाह उघडणं म्हणजे एक आकडा घेणं, बस. दोघांनी एकच आकडा उचलला तर घोळ होईल, म्हणून आकडे आधीच वाटून दिलेत. ज्याने कनेक्शन मागितलं त्याचे दुहेरी प्रवाह, म्हणजे दोघांनाही बोलता येईल असे, 0, 4, 8, 12. सर्व्हरचे 1, 5, 9. एकेरी प्रवाहांसाठी पहिल्याचे 2, 6, 10 आणि सर्व्हरचे 3, 7, 11. आकडा बायनरीत लिहिला की शेवटची दोन घरं सांगतात, कुणी उघडला आणि एकेरी की दुहेरी. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून चारचा पाढा म्हणत पुढे जायचं, समोरच्याला विचारायचं कारण उरत नाही.

माझी फसगत इथेच झाली होती. ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या तयार कोडमध्ये, 3.2 आवृत्तीपासून म्हणजे नोव्हेंबर 2023 पासून, ‘एसएसएल_न्यू_स्ट्रीम’ हाक मारली की प्रवाहाची वस्तू हातात येते. तिच्यावर नेहमीच्याच फंक्शननी वाचायचं, लिहायचं. पण तेवढ्याने तारेवरून काहीच जात नाही. आकडा माझ्या वहीत लिहिला गेला, एवढंच. पहिला डेटा निघतो त्याच्यासोबत तो आकडा जातो, आणि तेव्हा कुठे सर्व्हरला कळतं की असा प्रवाह आहे. मी न लिहिता ऐकत बसलो होतो. उपाय एका बाइटचा: उघडल्या उघडल्या काहीतरी लिहायचं. ‘न’ पाठवावासा वाटला, नमस्कारातला; पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणून गुपचूप शून्य पाठवलं. सर्व्हर लगेच बोलायला लागला.

प्रवाहा-प्रवाहांमध्ये क्रम नसतो, हेही विसरू नये. आधी 0 वर लॉगिन लिहिलं आणि मग 4 वर हुकूम सोडला, तरी हुकूम आधी पोचू शकतो. पाहुणा दारात यायच्या आत त्याची फर्माईश स्वयंपाकघरात!

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं, मग प्रोग्राम पुन्हा ठप्प. या वेळी मी लॉग नीट वाचला. 0, 4, 8, 12… थेट 396 पर्यंत, आणि 400 आलाच नाही. आकडे मोजले: बरोबर शंभर. एका वेळी किती प्रवाह चालू द्यायचे ते समोरचा ठरवतो, आणि माझ्या सर्व्हरने तेवढीच मुभा दिली होती. जुना प्रवाह दोन्ही बाजूंनी संपला की तो पुढच्याची परवानगी पाठवतो. मी माझी बाजू दर वेळी इमानदारीत बंद करत होतो. सर्व्हरच्या कोडमध्ये मात्र ती ओळ लिहायचीच राहिली होती, आणि तो कोडही माझाच.