बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं

साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला हा आकडा पाठ आहे. सरकारी दगडावर मात्र आकडाच उरला, नावं गेली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी इराकमधल्या कूत शहराला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. इराकमधल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय, हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक नुसत्या संख्येत. नावं वेगळ्या छापील यादीत गेली.

हिंदी शिपायांचे आवाज मात्र याच युद्धात टिपले गेले. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ छावणीत जर्मन भाषातज्ज्ञांनी हिंदी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. पण त्यांना बोली हवी होती, आठवण नव्हे; मजकूर आधी लिहून तालीम होई. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा ध्वनिसंग्रह १९७२चा. आपल्याकडे शिपायांच्या आठवणी टिपायला उशीरच झाला: १९१६ला वीस वर्षांचा शिपाई १९८०ला चौऱ्याऐंशीचा.

म्हणून आता ऐकायला मिळते ती नातवाची आठवण: ‘आजा बसऱ्याला गेला तो गेलाच.’ बसरा हे उतरण्याचं बंदर, त्यामुळे मृत्यू कूतला, बगदादला किंवा कैदेतही झालेला असू शकतो. अशी आठवण ध्वनिमुद्रित करताना साल विचारू नये. ‘मानमोडीच्या आधी की नंतर?’ विचारावं. १९१८ची ती फ्लूची साथ घराघरात लक्षात राहिली. शेजारी बसलेला मुलगा ‘सांगा ना ते, तोफेचं’ म्हणाला, की पुढची गोष्ट मुलाची होते. तशी नोंद करावी. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी होते. एमपीथ्रीवर मूळ प्रत ठेवू नये. तासभराचं बोलणं उतरवायला पूर्ण दिवस जातो.

मग आज्याचं युद्धपदक पाहायला मागावं. चांदीचं बहुधा मोडीत गेलेलं असतं, ब्राँझचं राहतं. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. चिंच लावून घासू नये, अक्षरं झिजतात. बॅटरीचा उजेड तिरका पाडून वाचावं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (सीडब्ल्यूजीसी) युद्धातल्या मृतांची नोंद ठेवतो; त्याच्या यादीत आडनाव बऱ्याचदा नसतं, म्हणून नंबर आणि पलटणीवरून शोधावं. बापाचं आणि गावाचं नाव असलंच, तर इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून पाहावं लागतं.